आत्याच्या चिमटीतलं कापड

माणसाला चेहऱ्यावरून ओळखणारे लोक जगात पुष्कळ असतील. माझ्या बायकोची आत्या माणसाला कापडावरून ओळखते. कापड किती भारी आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. समोरच्याच्या बाहीची कड ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरते, डोळे मिटते, एकदा पुढे, एकदा मागे घासते आणि त्या माणसाबद्दलचं आपलं मत कायमचं ठरवून टाकते. तिची उमेदीची सगळी वर्षं टॉवेलच्या कारखान्यात गेली. मागावरून उतरलेल्या टॉवेलांवर तळहात फिरवायचा आणि तुटलेला धागा, बसलेली गाठ हाताने हुडकून काढायची, हे तिचं काम. काम सुटलं, हाताची सवय सुटली नाही. त्यामुळे आमच्या निम्म्या पै-पाहुण्यांना आपल्या अंगावर नेमकं काय आहे ते आत्याकडून कळलं आणि उरलेले निम्मे तिच्यापासून दोन हात लांब बसू लागले.

आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात मुलीकडच्यांनी मला पगार विचारला, नोकरी कायमची आहे का ते विचारलं, माढ्याच्या घराला खोल्या किती तेही विचारलं. आत्याने काहीच विचारलं नाही. ती उठून माझ्याजवळ आली. ‘‘पावनं, जरा हात इकडं करा की,’’ म्हणाली आणि मी चहाची कपबशी सांभाळतोय तोवर माझ्या नव्या सदऱ्याच्या बाहीच्या आतल्या बाजूने कापडाचा एक धागा तिने अलगद ओढून घेतला. कमरेच्या पिशवीतून काड्यापेटी काढली आणि भर बैठकीत तो पेटवला. सुती धागा जळाला तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो. दुकानदाराने शपथेवर ‘शुद्ध सुती’ म्हणून दिलेल्या माझ्या सदऱ्याचा धागा वितळला, आक्रसला आणि त्याचा एक काळा टणक मणी झाला. माझ्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आत्याने तो मणी सगळ्यांना फिरवून दाखवला.

‘‘ह्यांच्या गळ्यात सुती म्हनून पॉलिस्टर मारलंय,’’ ती म्हणाली, ‘‘आन् ह्यांना पत्ताच न्हाय. पोरगं भोळं हाय, लबाड न्हाय. द्या पोरगी.’’

माझं लग्न त्या मण्यावर ठरलं.

पुढे ती कुंभारीच्या आपल्या घरून आमच्याकडे येऊ लागली की आधी पाणीसुद्धा न पिता गॅलरीतल्या दोरीकडे जायची. रंगीत कपडे उलटे करून सावलीत सरकवायची, लोकरीचा स्वेटर टांगलेला दिसला तर जखमी माणसाला उचलावं तसा उचलून चटईवर आडवा करायची. बायकोच्या रेशमी साड्यांच्या घड्या दर दोन-तीन महिन्यांनी मोडून नव्या घालायच्या, नाहीतर साडी घडीवरच चिरते. जरीजवळ डांबरगोळी ठेवायची नाही, जर काळी पडते. साडी जुन्या मऊ धोतरात गुंडाळायची. टॉवेल धुताना आम्ही तो सुवासिक मऊ करणारा द्राव घालतो हे कळलं त्या दिवशी ती जेवली नाही. ‘‘त्यानं टावेल पानी प्यायचा इसरतो,’’ एवढंच म्हणाली आणि बाटली मोरीत ओतून आली. एकदा तिने खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या दोरीवरचे सगळे कपडे उलटे करून ठेवले. वहिनी भांडायला वर आल्या. आत्याने दारातच त्यांचा पदर चिमटीत धरला, डोळे मिटले. ‘‘बाई, ही साडी तुमी पिळता व्हय? नगा पिळू. तिला लागतं.’’ वहिनी भांडण विसरून पदराकडे बघत राहिल्या. त्यानंतर चांगली साडी धुवायची झाली की त्या आधी वर येऊन आत्या कधी येणार ते विचारून जातात.

आता माझ्या पापाबद्दल सांगतो. आत्याचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. तिच्या वडिलांनी स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीचं विणून घेतलेलं एक काळं घोंगडं तिच्याकडे होतं. बापाची तेवढी एकच वस्तू. ती तिने आमच्या लग्नात आम्हाला दिली. ‘‘पान्यात घालू नगा. उनात टाका, झटका, बास,’’ असं तिने मला दोनदा बजावलं. पण एका रविवारी बायको माहेरी गेलेली, मला संसारात मदत करण्याची उबळ आली आणि मी ते घोंगडं भरपूर पावडर टाकून मशीनमध्ये चांगल्या गरम पाण्यात लावलं. तासाभराने जे बाहेर आलं ते देवपूजेला बसायच्या आसनाएवढं होतं, फळीसारखं घट्ट आणि जाड. ताणून पाहिलं, ओलं करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. बायकोने परत आल्यावर कपाळावर हात मारला आणि आम्ही दोघांनी मिळून ते कपाटावरच्या ट्रंकेत दडवलं. दर थंडीत आत्या विचारायची, ‘‘घोंगडं पांगरता न्हवं?’’ मी म्हणायचो, ‘‘रोज.’’ अशी चार वर्षं गेली.

गेल्या दिवाळीनंतर एका बारशाला सगळे जमलो होतो. कुणीतरी कौतुकाने आपला पदर आत्याच्या चिमटीत दिला. आत्याने डोळे मिटले, घासला, म्हणाली, ‘‘सुती हाय. झ्याक हाय.’’ साडी नायलॉनची होती, हातातून घसरत होती. एरवी हसलं असतं असं घर गप्प झालं. ती शांतता तिला ऐकू आली. तिने पदर पुन्हा घासला, पुन्हा घासला, आणि मग दोन्ही हात स्वतःच्या पदराखाली घेऊन बसली. शुगरने बोटांच्या टोकांची जाणीव गेली आहे आणि गेलेली परत येईल असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यानंतर आत्याने कुणाची बाही धरली नाही. मी कुंभारीला जायचो तेव्हा ती तब्येत विचारायची, पाऊसपाणी विचारायची, चारचौघांसारखी. मला ते सहन होईना. तिच्या मेलेल्या बोटांनाही कळेल असं खरखरीत, दणकट काय असेल याचा मी पुष्कळ विचार केला. उत्तर आमच्या ट्रंकेत होतं. ते तिला द्यायचं म्हणजे चार वर्षांचं खोटं तिच्या हातात द्यायचं. बायको म्हणाली, ‘‘ती कायमची बोलायची बंद होईल.’’ मला तीच भीती होती, तरी मी गेलो.

मी ते तिच्या मांडीवर ठेवलं. तिने बोटं फिरवली. काही नाही. तळहात फिरवला. काही नाही. तिचा चेहरा बघवेना. मग तिने दोन्ही हातांनी ते उचललं आणि गालाला लावलं. डोळे मिटले.

‘‘मशिनीत घातलंस,’’ ती म्हणाली. पहिल्यांदाच मला अरेतुरे. ‘‘गरम पानी. आन् पावडर बी लई.’’

‘‘हो, आत्या. चार वर्षं झाली.’’

‘‘लोकर आटलीया. पन माज्या बापाचीच हाय.’’ ती हसत होती आणि गाल घोंगड्यावरून काढत नव्हती. ‘‘गालाला कळतं की रं, लेकरा! गालाला कळतंय!’’

मी मात्र रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तेव्हापासून ते आसन तिच्या पाठीला असतं. आता ती कुणाचीही बाही थेट गालाला लावते. नवखी माणसं बावरतात, आम्ही आपणहून वाकतो. बहुतेक वेळा तिचं बरोबर येतं. परवा मी खादीचा सदरा घालून गेलो, वाकलो. तिने बाही गालावर दाबून धरली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. ‘‘पॉलिस्टर,’’ म्हणाली, ‘‘पुन्यांदा फसलास व्हय?’’

काड्यापेटी तिच्या उशाशी होती, मी ती उचलली नाही. मी म्हणालो, ‘‘हो आत्या, दुकानदार लबाड निघाला.’’ ती खूश झाली. हे माझं तिच्याशी बोललेलं दुसरं खोटं, आणि हे मी कधीच तिच्या मांडीवर नेऊन ठेवणार नाही.