हातावरचं लोणी

आमच्या निरगुडसरच्या घरात काही वर्षं दोन ताटं अशी शेजारीशेजारी मांडली जायची, की आलेला पाहुणा बुचकळ्यात पडायचा. एका ताटावर माझी सहा वर्षांची मुलगी. तिच्या वाटीत तूप इतकं, की मेथीची भाजी त्यात बुडून जायची. दुसऱ्या ताटावर माझे सासरे. त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, मीही म्हणायचे. त्यांच्या भाजीला फोडणीसुद्धा नावापुरती. हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून डॉक्टरांनी त्यांचं तूप, लोणी, साय सगळं तोडलं होतं. तरुणपणी तालमीत लोण्याचे गोळे रिचवलेला तो माणूस कोरडी भाकरी मोडत नातीच्या वाटीकडे बघायचा आणि म्हणायचा, "नशीब लागतंय राव!"

मुलगी ते तूप लाडाने खात नव्हती. औषध म्हणून खात होती.

तिला आकडी यायची. लोकांना आकडी म्हटलं की माणूस जमिनीवर पडून हातपाय झाडतो एवढंच ठाऊक असतं. तिचं तसं नव्हतं. ती उभीच्या उभी कोसळायची, कुणीतरी पायाखालचं जोतं काढून घेतल्यासारखी. हनुवटीवर टाके, कपाळावर टाके, ते सुकेपर्यंत नवे. शेजारणी धावत यायच्या आणि "चप्पल हुंगवा, कांदा हुंगवा" म्हणून गलका करायच्या. चपला हुंगवून आजार जात असते तर चांभाराच्या दुकानात कुणी आजारीच पडलं नसतं, असं मी एकदा तोंडावर बोलले. तेव्हापासून त्या जरा जपून यायला लागल्या.

गोळ्या बदलून झाल्या, वाढवून झाल्या. मग पुण्यातल्या लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरबाईंनी हा आहार सांगितला. साखर, गूळ, भात, भाकरी जवळजवळ बंद. तूप, लोणी, साय, अंडी, थोडी पालेभाजी, तेही काट्यावर तोलून. शरीराला साखर मिळाली नाही की ते चरबी जाळायला लागतं, आणि त्या अवस्थेत काही मुलांच्या आकड्या थांबतात. "सगळ्यांच्या नाही," बाई स्पष्ट म्हणाल्या. "पण करून बघू." आजकाल बारीक व्हायला लोक हाच आहार कीटो म्हणून हौसेने करतात आणि चारचौघांत सांगतात. मला हसू येतं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही येतो. आमच्या घरात तो शब्द हौसेने आला नव्हता.

आणि आला तोही कुठे, तर उसाच्या मुलखात. पारगावचा साखर कारखाना तेव्हा नवा होता आणि मुलीचे वडील तिथे वजनकाट्यावर नोकरीला होते. हंगाम सुरू झाला की घरापुढच्या रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जायच्या आणि गावातली पोरं मागे धावून कांडी ओढायची. माझी मुलगी कुंपणापाशी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहायची. कुणी कांडं पुढे केलं तर म्हणायची, "मला नाय चालत." एवढ्याशा पोरीने ते इतक्या शहाणपणाने म्हणावं, याचंच मला रडू यायचं.

पण आकड्या थांबल्या. आधी विरळ झाल्या, मग दिवाळीच्या सुमाराला थांबल्याच. सकाळी तिच्या लघवीत एक कागदाची पट्टी बुडवायची, ती जांभळी झाली की आहार लागू पडतोय असं समजायचं. ती जांभळी पट्टी मला देवाच्या अंगाऱ्याइतकी प्रिय होती. मुलगी एकटी शाळेत जायला लागली. सवयीने मी बांधाआडून लपत मागे जायचे. ती पडत नव्हती. बास, मला दुसरं काही नको होतं.

या सगळ्यात आबांनी एक काम आपणहून अंगावर घेतलं. रोज सकाळी ताक घुसळायचं. ज्याला लोणी वर्ज्य, तो माणूस पहाटे रवी घेऊन बसायचा आणि निघालेला गोळा पाण्यात धुऊन नातीच्या वाटीत ठेवायचा. बोटाला लागलेलंसुद्धा चाटायचा नाही, धुऊन टाकायचा. "तुमी मला बंदी केली, पर घुसळायला न्हाई ना केली?" असं वर मलाच विचारायचा.

असा आहार चालू असला की मधूनमधून रक्त तपासावं लागतं. थंडी सरता सरता डॉक्टरबाईंनी कोलेस्टेरॉलची तपासणी सांगितली. रात्रीच्या जेवणानंतर, रक्त देईपर्यंत, पाण्याशिवाय काही नाही. मी आदल्या रात्री फळीवरचे डबेसुद्धा वर सरकवून ठेवले. सकाळच्या पहिल्या एसटीने मुलगी, तिचे वडील आणि मी पुण्याला गेलो आणि प्रयोगशाळेत रक्त दिलं. थोड्या वेळाने तिथला माणूस बाहेर आला. त्याच्या हातात काचेची नळी. रक्तातलं लाल खाली बसलं होतं आणि वरचं पाणी, जे पिवळसर नितळ असायला हवं, ते दुधासारखं पांढरट दिसत होतं.

"हिने सकाळी काही खाल्लंय का?"

"काही नाही!" मी फाडकन म्हणाले. "रात्रीपासून पाण्यावर आहे पोर." त्याने तसंच लिहून घेतलं, उपाशी पोटी.

रिपोर्ट आला तेव्हा त्यात दोन आकडे ठळक छापलेले होते. कोलेस्टेरॉल रेषेच्या वर. आणि ट्रायग्लिसराइड नावाचं जे दुसरं काही असतं, ते रेषेच्या इतकं वर की मला वाटलं छापायलाच चुकलं. पुण्याच्या बाई त्या आठवड्यात गावाला गेल्या होत्या, म्हणून आम्ही तो कागद घेऊन मंचरला, आबांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. भले गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी हृदयाचेच रोगी पाहिलेले. कागद बघून त्यांनी चष्मा काढला. "हे एवढं तूप लगेच बंद करा," म्हणाले.

मुलीचे वडील घरी येऊन तेच बोलायला लागले. "उद्या काही झालं तर?" मी म्हणाले, "आणि बंद केल्यावर परवा ती विहिरीच्या काठावर कोसळली तर?" आमची अशी जुंपली की मांजरही घर सोडून गेलं. पण भांडणापेक्षा वाईट होतं ते आबांचं बोलणं. कोलेस्टेरॉल हा शब्द त्यांना चांगलाच माहीत होता, त्यांच्या अंगावरून गेला होता. ते म्हणाले, "माझा बाप नांगर धरल्या धरल्या गेला. मला झटका आला. आता पोरीच्या रगतात उतरलं. जमीन दिली, घर दिलं, त्याच्यासंगं हे बी दिलं आमी."

"आबा, असं काही नसतं," मी म्हणाले. पण माझ्याच आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रवीला हात लावला नाही. "माज्या हातनं आता न्हाई व्हनार, सूनबाई." घुसळण माझ्याकडे आली. मुलगी आजोबांभोवती घुटमळायची आणि ते तिला जवळसुद्धा घ्यायचे नाहीत, जणू स्पर्शाने आणखी काहीतरी तिच्यात उतरेल. मला इतकी भीती वाटत होती की रात्री तिच्या छातीवर हात ठेवूनच मी झोपायचे. आहार चालू ठेवला तर काळीज आणि सोडला तर मेंदू. आईने निवडावं तरी काय?

डॉक्टरबाई परत आल्यावर फोनवर भेटल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आपल्या मनाने काही बंद करू नका," त्या म्हणाल्या. "हा आहार एकदम तोडला तर आकड्या उसळू शकतात. रक्त पुन्हा तपासू. मुलीला उपाशी पोटी घेऊन या."

पुन्हा पहिली एसटी. बाहेर जाताना आमच्या घरात एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर ठेवल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. परीक्षा असो, मुलगी बघायला जाणं असो, कोर्टाची तारीख असो. ते काम आबांचं. त्या सकाळी मी पिशवी घेऊन पुढे निघाले होते, कारण गेल्या खेपेप्रमाणे एसटीला हात करायला धावायचं होतं. काय मनात आलं कोण जाणे, मी मागे वळून पाहिलं. मुलगी उंबऱ्यात थांबली होती. आबांपुढे उजवा तळहात पसरून.

आबांचे हात रिकामे होते.

"आबा, लोणी?" ती म्हणाली.

मी मागे आले. "कसलं लोणी गं?"

"मागच्या वेळी दिलं होतं ना. जाताना."

मी आबांकडे बघत राहिले. ते ओशाळून म्हणाले, "शकुनाचं व्हतं, सूनबाई. तिला साखर चालत न्हाई, मंग दही-साखर कशी देनार? म्हनून लोन्याचा गोळा ठिवला हातावर. पत्थ्य मोडू दिलं न्हाई म्या." आणि मग हळूच, "आज मन झालं न्हाई."

त्यांच्या लेखी तो घास नव्हताच. शकुन होता. देवाचं तीर्थ कुणी जेवणात धरतं का? आणि पथ्य तर त्यांनी आमच्या सगळ्यांपेक्षा कडक पाळलं होतं. साखर टाळली होती. एवढा विचार करून त्या माणसाने जे दिलं, तेच नेमकं नळीत जाऊन दुधासारखं वर तरंगलं होतं की काय? माझ्या तोंडाशी आलं होतं, पण गिळलं. कागद हातात येईपर्यंत मला खात्री नव्हती, आणि खोटी आशा दाखवून त्यांना पुन्हा पाडायची माझी तयारी नव्हती. त्यात एसटीचा हॉर्न वाजला.

या वेळी नळीतलं पाणी नितळ होतं. दुपारी रिपोर्ट घेऊन डॉक्टरबाईंपुढे बसलो. मी लोण्याची हकीकत सांगितली तेव्हा त्या आधी हसल्या, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून समजावून सांगायला लागल्या. खाल्लेली चरबी काही तास रक्तात फिरत असते आणि ट्रायग्लिसराइडचा आकडा तिच्यामुळे चढतो. लोण्याचा गोळा खाऊन मुलगी इथे पोचली तेव्हा ती चरबी ऐन भरात असणार. आज उपाशी पोटी तो आकडा बघा, रेषेच्या आसपास आलाय.

मुलीचे वडील एकदम म्हणाले, "म्हणजे काट्यावर बैलगाडी चढवली, पण गाडीवान खाली उतरलाच नव्हता!"

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. "पण कोलेस्टेरॉलचं तसं नाही. ते एका घासाने फारसं हलत नाही. ते आजही रेषेच्या वर आहे." या आहारात काही मुलांचं ते वाढतं, बऱ्याचदा पुढे स्थिरावतं. तुपातला काही भाग काढून शेंगदाण्याचं तेल देऊ, काही महिन्यांनी पुन्हा बघू. हा आहार काही जन्मभराचा नाही, दोन-तीन वर्षांचा आहे. नुसता कागद बघू नका, त्याच्या शेजारी ही न पडणारी मुलगी पण बघा. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास?" मी आबांचं आणि त्यांच्या वडिलांचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. "लक्ष ठेवू. त्यावरून आत्ताच काही ठरत नाही."

"आबांकडून काही आलेलं नाही" असं त्या म्हणाल्या नव्हत्या, हे मला कळलं. परतीच्या एसटीत खिडकीशी मुलगी झोपली होती आणि मी कोलेस्टेरॉलच्या त्या एका आकड्याचा विचार करत होते. पुढे आहार सुटल्यावर तो आपोआप खाली आला, आकड्या परत आल्या नाहीत आणि मुलगी आज स्वतःचा संसार सांभाळते. पण त्या संध्याकाळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो कागद घडी घालून पिशवीच्या तळाशी होता.

आबा ओट्यावरच बसले होते. सकाळपासून जेवले नव्हते, असं शेजारणीने मागाहून सांगितलं. आम्ही फाटकातून आत आलो तरी ते उठले नाहीत.

"काय म्हनली डाक्टरीन? माज्यामुळंच ना?"

"तुमच्यामुळंच!" मी आवाज चढवला. "उपाशी न्यायच्या पोरीच्या हातावर लोण्याचा गोळा कुणी ठेवला? तेच चढलं रक्तात. नळी दुधासारखी झाली तुमच्या त्या शकुनाने!"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "लोन्यामुळं?"

"लोण्यामुळं."

"काळजामुळं न्हाई? माज्या काळजामुळं?"

तो कागद असलेली पिशवी माझ्या खांद्याला होती. "नाही," मी म्हणाले. "आहार चालूच राहणार आहे. उद्यापासून घुसळायला बसा. माझे खांदे गेले."

त्यांनी उपरण्यात तोंड लपवलं. खांदे हलत होते. हसतात की रडतात ते मला कळेना. मुलगी जाऊन त्यांच्या मांडीवर बसली आणि या वेळी त्यांनी तिला घट्ट धरलं. मग ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाले, "आता शिव्या दे मला, सूनबाई. लई मोठी चूक झाली माजी. दे, पायजे तेवढ्या दे."

मी दिल्या. पार रस्त्यापर्यंत ऐकू जातील अशा दिल्या. आणि ते नातीच्या केसांवरून हात फिरवत, मान डोलवत, एकेक शिवी प्रसादासारखी घेत राहिले.