गल्ली रिकामी झाली ते वर्ष

अंगावर काटा आणणारे किस्से ऐकायला कोकणात जावं लागतं, असं मला लहानपणापासून वाटायचं. साफ चूक! चार सोसायट्यांचे चार सेक्रेटरी रोज संध्याकाळी डोंबिवलीतल्या एका टपरीवर कटिंग चहा घेत उभे राहिले, की वर्षभरात ढीग लागतो. त्यातले निम्मे आम्ही घरी सांगत नाही, कारण घरचे हसतात.

शहराचा इतिहास कोणी लिहायला बसलं, तर गेल्या वर्षाला एक वेगळं पान द्यावं लागेल. पूर्वेच्या आमच्या गल्लीतल्या बिल्डिंगा एकामागोमाग एक रिडेव्हलपमेंटला गेल्या. टेम्पोत उलटी खुर्ची आणि तुळशीची कुंडी दिसली नाही, असा दिवस जायचा नाही. कोणी आंबिवलीला गेलं, कोणी विठ्ठलवाडीला. मागे राहिल्या रिकाम्या बिल्डिंगा आणि त्या पडेपर्यंत सांभाळणारे आम्ही चौघं सेक्रेटरी: बँकेतून रिटायर झालेले दामले, मूळचे इथलेच म्हात्रे, शाळेत शिकवणाऱ्या शिर्के मॅडम आणि मी, सतीश.

मला एक काळजी जास्तीची होती. ती म्हणजे अप्पा, माझे वडील. त्यांच्या गुडघ्यांसाठी मी मानपाड्याला मुद्दाम तळमजल्यावर भाड्याचं घर घेतलं. पण संध्याकाळ झाली की अप्पा रिक्षा करून जुन्या घरी! दुसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या हॉलमध्ये, खिडकीपाशी जाऊन बसायचे. आठवण गेली होती असं नाही. विचारलं तर म्हणायचे, "मानपाड्याला बसल्यासारखं वाटत नाही रे." बिल्डिंग पाडायच्या दिवशी ते आत असले तर? ही भीती मला वर्षभर होती.

*

पहिला नंबर दामल्यांचा. एका रविवारी ते कल्याणहून कार्यक्रम ऐकून परतले. डोक्यात गाणं. सवयीने आपल्या गल्लीत शिरले, अंधारात तीन मजले चढले, चावी लावली. दार उघडलं. चपला काढल्या आणि खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवली.

पिशवी धप्पकन खाली पडली!

"खुंटी नव्हती हो," दामले सांगत होते. "तेव्हा लक्षात आलं की आपण इथे राहत नाही."

"मग घाबरलात?" शिर्के मॅडमनी विचारलं.

"छे! घाबरलो ते खाली आल्यावर. तीन मजले उतरताना प्रत्येक मजल्यावर दिवा लागलेला होता. मीटर तर आदल्याच आठवड्यात काढून नेले होते!"

*

हा किस्सा मात्र हसण्यासारखा आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जोशी रोज सकाळी एकच मेसेज टाकायचे: "पाणी आलं." बिल्डिंग रिकामी झाली, जोशी आंबिवलीला गेले, तरी सवय सुटेना. रोज मेसेज येतोच.

शेवटी मी फोन केला. "अहो जोशी, कुठे पाणी आलं? टाकीच फोडलीय!"

जोशी म्हणाले, "मला माहितीय हो. पण तुम्ही बादली लावली की नाही?"

मी लावली होती, मानपाड्याच्या नळाखाली!

*

शिर्के मॅडमच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ विठ्ठलवाडीला गेले, पण ऑनलाइन मागवताना पत्ता बदलायचा विसरले. मिक्सरचं भांडं आलं जुन्या पत्त्यावर. मोबाइलवर मेसेज आला, "पार्सल पोचलं." सोबत दारापाशी ठेवलेल्या पार्सलचा फोटो.

त्यांनी तो मॅडमना पाठवला. "जरा आणून ठेवाल का?"

मॅडम वर जाऊन आल्या. पार्सल होतं, अगदी फोटोत दिसतं तिथेच. टपरीवर त्यांनी आम्हाला तो फोटो दाखवला. बंद दार, दाराला तोरण, खाली खोका.

"बरं मग?" म्हात्रे म्हणाले.

"मग काय! फोटो कालचा, आणि बिल्डिंगमधली सगळी दारं भंगारवाल्याने मागच्या सोमवारी नेली. तुमच्यासमोरच टेम्पो भरला ना त्याने?"

चहा तसाच राहिला.

*

म्हात्र्यांच्या बिल्डिंगमध्ये तिन्हीसांजेला पहिल्या मजल्यावर दिवा दिसायला लागला. त्यांना वाटलं चोर, म्हणून काठी घेऊन वर गेले. बघतात तर तिथल्याच देशमुखवहिनी, रिकाम्या देवघराच्या कोनाड्यात समई लावत बसलेल्या! घर सोडलं तरी कोनाडा अंधारात राहू नये, म्हणून कल्याणहून रोज यायच्या.

"मना तं रडूच आला," म्हात्रे म्हणाले. "मी बोललो, लावा वहिनी, बिल्डिंग हाय तवर लावा."

आम्हालाही गलबलून आलं.

तर आठवड्याने म्हात्रे टपरीवर आले, चहाचा ग्लास बाजूला ठेवला. मग म्हणाले, "वहिनींचा फोन आल्ता. मुलीकडं गेल्यान नाशिकला, चार दिस झालं."

"बरं, मग?"

"मंग कालचा दिवा कोनी लावला?"

*

गल्लीत पहिली पडली ती दामल्यांची बिल्डिंग. पाडायला आलेल्या पोकलेन मशीनचा हात वर उचललेला, आणि दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक रिक्षावाला आळस देत उभा! दुपारची झोप काढायला शिरला होता. "हवा मस्त येते साहेब," म्हणाला.

तेव्हापासून चौघांनी नियम केला. पाडायच्या दिवशी सेक्रेटरीने जिन्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि एकेका घराचं आडनाव घेऊन हाक मारायची. कुठूनच ओ आली नाही, की पोकलेनवाल्याला हात करायचा.

*

आमची पाळी शेवटची. त्या सकाळी मी मेधाला, म्हणजे बायकोला, बजावून निघालो. "काय वाट्टेल ते कर, अप्पांना आज बाहेर सोडू नकोस." तिने दाराला आतून कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

जिन्याशी उभा राहिलो. मागे दामले, म्हात्रे, शिर्के मॅडम. "जोशी!" काही नाही. "सावंत!" काही नाही. शेवटचं घर आमचं. तिथे आडनाव घेववेना. रोज संध्याकाळी न्यायला यायचो तेव्हा मारायचो, तीच हाक तोंडातून गेली.

"अप्पा!"

आणि वरून, रोजच्यासारखं, निवांत उत्तर आलं, "आलो, आलो!"

चौघांनी ऐकलं. म्हात्रे पोकलेनकडे धावले, "थांब! थांब रं!" मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेलो. हॉल, स्वयंपाकघर, मोरी, गॅलरी. कोणी नाही. खिडकीपाशी अप्पा बसायचे ती जागा तेवढी पुसल्यासारखी स्वच्छ.

मेधाला फोन लावला. "अप्पा कुठेत?"

"इथेच आहेत की. खुर्चीत डोळा लागला होता, आत्ताच दचकून उठले. कुलूप ओढतायत. थांब, त्यांनाच देते."

मी हॉलच्या मधोमध धापा टाकत उभा. पलीकडून अप्पांचा आवाज आला, जरासा वैतागलेला.

"अरे सतीश, आलो म्हटलं ना! धावत वर कशाला आलास?"