खिशातला ब्रेक

उमेळ्याला आमच्या शेजारचे काका जुन्या स्टीलच्या रेसर सायकली फिक्स्ड करून देतात. गिअर काढून मागच्या चाकाला एकच दातेरी चक्र घट्ट बसवायचं. मग चाक फिरतंय तोवर पेडल फिरतंच, पाय थांबवायची सोय नाही. काकाही तसेच. चहा येरझाऱ्या घालत पितात आणि उभे राहिले तरी त्यांचा एक गुडघा हलत असतो. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, उगाच कुणाला बिचकत नाही. पण त्यांच्याजवळ उभी राहिले की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं.

परवा तुळिंजचा एकजण तयार सायकल न्यायला आला. त्याला पुढचा ब्रेकही नको होता.

"काका, ब्रेकने लूक जातो. पायाने थांबवीन."

"आणि समोर रिक्षा आली की?"

"नाही येत."

"तुमच्याकडे रिक्षा विचारून येतात काय?"

तरी तो हट्टाला पेटला, तेव्हा काकांनी ब्रेक काढून दिला. तो गेल्यावर त्यांनी चहाला हात लावला नाही. फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी ब्रेक आणि पाना खिशात कोंबून सायकलवर बसले.

संध्याकाळी मी तुळिंजच्या बाजारात भाजी घेत होते. काका भर रस्त्यात उकिडवे बसून त्याच सायकलला ब्रेक लावत होते, आणि तो सकाळचा गिऱ्हाईक तोंड पाडून बाजूला उभा होता.

"काका, सगळे बघतायत!"

"बघू देत. तू हँडल धर."

त्यांनी ब्रेक दाबून पाहिला, चाक जागीच थांबलं. मग ते उठून उभे राहिले. गुडघा हलत नव्हता.