पाण्याकडे तोंड असलेलं स्वयंपाकघर

कळंब्याच्या तलावाकाठच्या त्या बंगल्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर माझं आर्किटेक्टचं ऑफिस. तोवर मी केलेली कामं म्हणजे रो-हाऊस, जुन्या घरावर चढवलेले मजले, कुणाचं गोडाऊन, कुणाचा दवाखाना. पाण्याकाठचा असा थाटाचा बंगला मी मासिकांतच बघितला होता. काम मिळालं म्हणून आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण गुडघे आधीच दुखत होते आणि पुढची दोन-तीन वर्षं ह्यातच जाणार हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

मालकांची फाउंड्री होती. माणूस मोकळा, आवाज मोठा.

"घरात पाऊल टाकलं की पाणी दिसलं पायजे, म्याडम. झोपलो तरी पाणी, जेवलो तरी पाणी. आलेला पावणा बघतच ऱ्हायला पायजे."

त्यांची बायको शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर धरून बसली होती.

जागा बघायला गेलो तो ऐन उन्हाळा होता. पाणी मागं सरलं होतं. मध्ये भेगाळलेला चिखल, त्यात म्हशी, आणि शेवाळ कुजल्याचा वास. मी त्यांना सांगितलं, "तलाव तुमच्या पश्चिमेला आहे. दुपारनंतरचं ऊन पाण्यावरून उलटून थेट घरात येणार. पावसाची झडही ह्याच अंगानं."

"एसी लावू की! काचा लावू चांगल्यातल्या. तुम्ही काढा तर."

मी काढत बसले. दिवाणखाना पाण्याकडे, वरच्या सगळ्या झोपायच्या खोल्या पाण्याकडे, जिना काचेचा, पुढं पोहण्याचा तलाव. तलावापुढं तलाव कशाला, असं मी एकदा विचारलं, त्यावर ते नुसते हसले. वास्तू बघणाऱ्यांनी स्वयंपाकघर आग्नेयेला सांगितलं, म्हणजे मागच्या कोपऱ्यात, जिथून गाड्या लावायची जागा दिसते. कुणाचीच हरकत नव्हती. नकाशा जवळपास कायम झाला.

मग एका दुपारी त्यांची बायको एकटीच ऑफिसात आली. जिना चढून धाप लागली होती. पाणी प्यायली, आणि टेबलावरच्या नकाशाकडे बघत म्हणाली, "म्याडम, रागवू नगा, एक इचारू?"

"विचारा की."

"मला पाणी कुठनं दिसणार?"

मी सवयीनं बोट फिरवायला लागले. दिवाणखान्यातून, वरच्या गच्चीतून, तुमच्या खोलीतून.

"तितं मी कवा बसणार वो? सकाळी उठलो की सैपाकघरात. जेवणं झाली, झाकपाक केली, जरा पाठ टेकली की परत च्या. लगीन झाल्यापासनं खिडकीतनं शेजारच्याची भितच बघालोय मी. आता एवढं तळ्याकाठी जायाचं आन् तितं गाड्या बघायच्या?"

माझ्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, पाइपांच्या अंधाऱ्या पोकळीत उघडते. वर्षानुवर्षं मी तिथं चहा करते आणि दुसऱ्यांच्या घरांना उजेड कुठून आणायचा ह्याचा विचार करते. नकाशा गुंडाळून ठेवला आणि म्हटलं, "बघते मी."

बघते म्हणणं सोपं होतं. स्वयंपाकघर वायव्येला, पाण्याच्या कोपऱ्यात न्यायचं तर अर्धा तळमजला उलटा करावा लागला. वास्तूवाल्यांची मनधरणी केली. वायव्य चालेल म्हणाले, पण गॅसपाशी उभं राहिल्यावर तोंड पूर्वेलाच हवं. म्हणजे पाण्याकडे पाठ! मी परत कागदाशी बसले. शेवटी भांडी घासायचं सिंक पश्चिमेच्या भिंतीला घेतलं आणि त्याच्यावर भिंतभर खिडकी. तिला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "भांडी घासताना तर भांडी घासताना. दिसंल की."

मालक मात्र भडकले. "म्याडम, तळ्याकडनं बघितल्यावर बंगल्याचं तोंड म्हंजे काय, तर सिंक? लोकं काय म्हणतील?"

ह्या एका खिडकीवर बैठकांमागून बैठका झाल्या. मी उजेडाचं सांगायची, वाऱ्याचं सांगायची, त्यांचं एकच, की ती जागा जेवणाच्या टेबलाची. मला कंटाळा आला होता. सोडून द्यावं असं वाटत होतं, कारण घर त्यांचं, मी कोण? तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"मग सैपाक तुमीच करा."

ते वळून तिच्याकडे बघत राहिले. ती मान खाली घालून पर्सच्या चेनशी खेळत होती. मग ते मला म्हणाले, "काढा मग तसंच. च्या मागवा."

बांधकामात पुढं जे होतं ते सगळं झालं. परांचीवर चढून उतरून माझा उजवा गुडघा कामातून गेला. पहिल्या पावसाळ्यात पश्चिमेच्या सगळ्या खिडक्या गळल्या, चौकटी काढून परत बसवल्या. दर्शनी बाजूला मालकांनी मला न विचारता दोन जाडे खांब उभे केले. वास्तुशांतीला तालुक्यातली माणसं लोटली होती. जेवण मांडवात, आचाऱ्यांचं. स्वयंपाकघरात त्या दिवशी कुणी गेलंसुद्धा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जिन्याच्या काचेला तडा गेला म्हणून मला बोलावलं. मालक फाउंड्रीत होते. काच बघून झाल्यावर मी स्वयंपाकघरात डोकावले. आत एक अनोळखी बाई कणीक मळत होती. दुपार कलली होती, आणि सिंकवरची खिडकी जाड पडद्यानं पूर्ण झाकलेली.

"पडदा का लावला?" मी विचारलं.

"डोळं दिपत्यात वो. पाणी बघवत न्हाय ह्या टायमाला," ती म्हणाली. "वहिनी मागं हायत."

मागच्या बाजूला, गाड्यांच्या जागेला लागून मी सामानाची एक खोली काढली होती. वहिनी, म्हणजे मालकीणबाई, तिथं चटईवर बसून शेंगा सोलत होत्या. दार उघडं, दारातून फाटक आणि फाटकापलीकडे रस्ता. मला बघून त्या हसल्या.

"तुमची खिडकी झाकल्याली बघितलासा न्हवं?"

"बघितली."

"पयले दोन-तीन म्हैने लई भारी वाटलं. खोटं न्हाय सांगत. सकाळी बगळं यायचं, मी भांडी धुवायचं सोडून बघत ऱ्हायाचो. मग ह्यास्नी वाटलं, एवढ्या बंगल्यात आपल्या बायकोनं कशाला राबायचं. आणली सैपाकाला बाई. आता ती करत्या." त्यांनी शेंगा माझ्याही पुढं सारल्या. "आन् पाणी चांगलंय वो, पर बोलत न्हाय. तिकडं दिवसभर माणूस दिसत न्हाय. हितनं रस्ता तरी दिसतोय."

मी चटईवर टेकले. गुडघा लांब केला. एवढ्या बैठका, एवढे कागद, चौकटी, भांडणं. रागवावं तर कुणावर? त्यांनी मागितलं ते खरंच मागितलं होतं, मी दिलं तेही खरं होतं. आम्ही शेंगा सोलत बसलो. त्या मुलीच्या बाळंतपणाबद्दल सांगत होत्या, मग जुन्या गल्लीतल्या कुणाबद्दल. मी हूं हूं करत होते. पाठीमागची भिंत गार होती.

कधी झोप लागली ते मला कळलं नाही. जाग आली तेव्हा डोक्याखाली उशी होती, अंगावर पातळ चादर, आणि शेंगांची पाटी बाजूला सरकवलेली. फाटकाशी उभ्या राहून वहिनी कुणा भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होत्या, मोठ्यानं आणि मजेत. ऑफिसात कुणीतरी वाट बघत असणार हे आठवलं. फोन पर्समध्ये वाजत होता. मी तो वाजू दिला, कूस बदलली आणि आणखी थोडा वेळ तशीच पडून राहिले.