अर्ध्या तासाची तहकुबी

आमच्या सोसायटीच्या शेवग्यावर मंगळवारी मधमाश्यांचा घोळका येऊन लटकला. ते पोळं नव्हतं, नव्या घराच्या शोधातलं बिऱ्हाड जरा टेकलं होतं. काही माश्या जागा बघून यायच्या आणि बाकीच्यांत शिरून अंग थरथरवत पत्ता सांगायच्या. मी खिडकीतून बघत बसायचे. हजारो जीव, अध्यक्ष कोणी नाही, तरी एकमेकींचं ऐकून घेत होते.

त्यांचं काय करायचं हे ठरवायला सेक्रेटरींनी शनिवारी पार्किंगमध्ये सभा बोलावली. पाचच जण आलो. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर त्याच पाच जणांची पुन्हा भरली.

"सरळ औषध मारा," तळमजल्यावरचे देवधरकाका म्हणाले, आणि त्याच दमात, "यंदा शेवग्याला शेंगाच नाहीत हो. सांबारात घालायचं काय?"

"काका, माश्या मारल्यात तर शेंगा धरणार कशा?" मी म्हटलं.

"शेंगा आजच्या विषयपत्रिकेवर नाहीत," सेक्रेटरी म्हणाले.

फूल, माशी, शेंग आणि काकांचं ताट एकाच धाग्यात ओवलेलं आहे, आणि आम्ही त्याचे वेगवेगळे विषय पाडून बसलेलो. चार विरुद्ध एक मतांनी फवारणी ठरली. उठताना मी वर पाहिलं. फांदी रिकामी होती. आम्ही गणपूर्तीची वाट बघत असताना त्यांचं ठरलंही होतं.

सोमवारी फलकावर इतिवृत्त लागलं: "मधमाश्या हटवण्यात समितीला यश. शेंगा न धरण्याची कारणं शोधायला उपसमिती नेमली."

उपसमितीत माझं नाव आहे.