घनतेचा तास

"इज्ञान येतं गो बाईला, पन आपल्याला सांगता नाय येत."

"मंग नापास आपनच व्हायचं ना!"

नळावर डबे धुणाऱ्या नववीतल्या दोन मुली खिदळल्या. मी भिंतीच्या अलीकडे खडूचा डबा घेऊन उभी होते. खोकून पुढे जावं की मागे फिरावं, ठरेना. मधली सुट्टी संपेपर्यंत तिथेच उभी राहिले.

त्या बोलल्या त्यात खोटं काही नव्हतं. शहापूरला घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि कॉलेजातलं फिजिक्सही इंग्रजीतच. मास, व्हेलॉसिटी, सोल्यूशन, कॉमेट यांना मराठीत काय म्हणतात, हे जाणून घ्यायची वेळच कधी आली नव्हती. शतक नुकतंच बदललं होतं. डोळखांबच्या पुढे एका मराठी शाळेत तात्पुरती नोकरी मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात मी फळ्यापुढे अडखळायला लागले. एकदा द्रावण आणि मिश्रण यांत इतकी गोंधळले, की मुलांनीच पुस्तक उघडून पान दाखवलं.

मुख्याध्यापकांच्या कानावर ते गेलंच. "सोमवारी मी मागच्या बाकावर बसतो, मॅडम," ते म्हणाले. "जमत नसेल तर विज्ञान भूगोलाच्या सरांना देऊ. तुम्ही इंग्रजी घ्या. तुमच्या डाव्या हातचा मळ तो."

भूगोलाचे सर प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहीत आणि मुलं ती वहीत उतरवून घेत. तसं विज्ञान मला बघवलं नसतं. इंग्रजी घेतलं असतं तर मला कुणी हसलं नसतं, हेही खरं. पण लहानपणापासून मनापासून आवडलेला हा एकच विषय होता, आणि तो सोडायचा नाही, एवढं मी ठरवलं. कुणाला बोलले मात्र नाही.

आठवी ते दहावीची मराठी पुस्तकं मिळवली. एसटीत खिडकीशी बसून पुटपुटायची: वस्तुमान, आकारमान, त्वरण, मूलद्रव्य, संयुग, धूमकेतू. कंडक्टरने एकदा विचारलं, "परीक्षा हाय का, ताई?" मी मान हलवली.

सोमवारी घनता होती. मुख्याध्यापक मागे बसले. मी व्याख्या न अडखळता म्हटली, एकक आकारमानातलं वस्तुमान म्हणजे घनता. वर्गाने ती एका सुरात परत म्हटली. "समजलं?" "होय बाई!" इतकं जोरात, की काहीच समजलं नाही हे मलाही कळलं.

मग पेल्यातल्या पाण्यात अंडं सोडलं. ते बुडालं. मीठ घालून ढवळत गेले, तसं ते हळूहळू वर आलं. टाळ्या होतील असं वाटलं होतं. पण नळावरच्या दोघींपैकी एक कंटाळून म्हणाली, "ह्ये तर आमच्या घरी दर सालाला करतात, बाई."

"कशाला?"

"बियान्याला. पान्यात मीठ टाकायचं अंडं वर येईस्तवर. मंग त्यात भात वतायचा. पोचट वर येतो, तो फेकायचा. बुडला तो काढून साध्या पान्यात धुवायचा, सावलीत सुकवायचा नि प्येरायचा."

मी हरखले, घाईत फळ्यावर 'जड' लिहिलं आणि बोलून गेले, "बरोबर! म्हणजे जड असतं ते बुडतं."

"नाय बाई," ती म्हणाली. "सागाचा ओंडका दोघांना उचलत नाय, पन पान्यावर तरंगतो. मंग?"

वर्ग हसला. मागच्या बाकावर पेन वहीवर टेकलं. माझे कान तापले. चुकले होते, तेही ज्या दिवशी चुकायचं नव्हतं त्या दिवशी. 'पुढे बघू' म्हणून मला तास पुढे रेटता आला असता. मी फळ्यावरचं 'जड' पुसलं आणि तिला विचारलं, "मी चुकले. मग भरलेल्या दाण्यात नि पोचटात फरक काय?"

ती विचारात पडली. बाकीचेही. "दिसायला दोन्ही येवढालेच," ती सावकाश म्हणाली. "पन भरलेल्यात तेवढ्याच जागेत माल जास्त."

तिचं वाक्य मी तसंच फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली लिहिलं, घनता. मग उदाहरणाला ओंडका घेतला, खिळा घेतला, अंडं घेतलं. कोण बुडेल, कोण तरंगेल आणि का, यावर मुलं एकमेकांशी भांडायला लागली. घंटा झाली तरी भांडतच होती. त्या गडबडीत मी एकदाही पुस्तकात पाहिलं नाही.

नंतर मुख्याध्यापकांनी बोलावलं. वही उघडून म्हणाले, "तास रंगला, मॅडम. पण मुलीने तुमची चूक काढली, तीही भर वर्गात. पुढे दहावी आहे या मुलांची. तुम्ही इंग्रजीच घ्या. तुम्हालाही बरं, मुलांनाही बरं. काय?"

'काय'नंतर मी नेहमी मान हलवायची. त्यांनी वेळापत्रकाचा कागद पुढे ओढून पेनाचं टोपण काढलंही होतं. मी टेबलाची कड धरली.

"नाही सर," मी म्हटलं. "नववीचं विज्ञान मीच घेणार, आणि पुढच्या वर्षी यांची दहावीही मीच घेणार."