पहिली होळी चुकीची, पुढच्या दहा माझ्या

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे. लग्न असो, बारसं असो, पंगत उठली की कुणीतरी म्हणतंच, "वसुकाकू, ती मामंजींची आणि बकरीची होऊन जाऊ दे." मी सांगते. थोडं आपल्या पदरचंही घालते. पण एक गोष्ट मी घरात कधीच सांगितली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीलाही नाही. तिच्यात बकरी नाही, मामंजी नाहीत, मीच आहे — आणि मी चांगली दिसत नाही.

आम्ही इंदुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावर जीजी. जैन, एकट्या, आज ब्याऐंशी वर्षांच्या. नाव काहीतरी आहे, पण सगळी बिल्डिंग जीजीच म्हणते. सोळाव्या वर्षी त्यांनी मुनिमहाराजांसमोर नियम घेतला — जमिनीखाली उगवणारं काही खायचं नाही. कांदा नाही, लसूण नाही, आलू नाही. आणि हे इंदुरात! जिथे पोह्यावर कांदा पडल्याशिवाय सकाळ होत नाही. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून चालत गेल्या तरी नाकाला पदर लावून. स्वतःच्या चुलीशिवाय जगात एकाच घरचं त्यांना चालायचं. माझ्या. "वसु के हाथ का आँख मीचके खा लूँ," म्हणायच्या.

आँख मीचके. हे लक्षात ठेवा.

होळीला मी पुरणपोळी आणि कटाची आमटी डब्यात घालून खाली द्यायची. त्यांचं वेगळं काढावं लागत नसे — माझा गोडा मसाला आईच्या पद्धतीचा, त्यात कांदा-लसूण नाहीच. तो डबा कधी रिकामा वर आला नाही. मठरी, शेव, अगदीच काही नसलं तर मूठभर साखर. रिकामा डबा परत करणं म्हणजे आपल्याकडे — पण ते तुम्हाला मी काय सांगायचं?

एका वर्षी माझा मसाला संपला होता. साताऱ्याच्या जावेने पाठवलेली काळ्या मसाल्याची पुडी होती, ती घातली. संध्याकाळी तिचा फोन. "वसू, ह्या खेपेला कांदा-लसूण चांगला खमंग भाजलाय हं!"

डबा दुपारीच खाली गेला होता.

इथपर्यंत मी निर्दोष आहे. खाली जाऊन सांगायचंच होतं. चपला घातल्या, जिना उतरले. अंगणात जीजी चार बायकांना घेऊन बसलेल्या, आणि मला बघून ओरडल्या, "आ गई! अरे बई, आज की दाल! ऐसी दाल तो मैंने ज़िंदगी में नी खाई! क्या डाला उसमें?"

चौघी माझ्याकडे बघत होत्या. तिसऱ्या मजल्यावरची शर्माभाभीसुद्धा — जिने माझ्या स्वैपाकाला आजवर "ठीक है" याच्या पुढे कधी मार्क दिले नव्हते.

मी म्हटलं, "कुछ नहीं जीजी, बस हाथ है।"

हाथ है! अठ्ठेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई, भूगोलाची शिक्षिका. शर्माभाभीसमोर भाव खायला मिळाला आणि एका म्हातारीचा जन्मभराचा नियम मी गिळून टाकला. घाबरून? छे. भीतीत तरी काही माणूसपण असतं. मी खूश झाले होते.

पुढच्या वर्षी जीजींनी होळीच्या आठ दिवस आधी विचारलं, "वोई वाली बनाएगी ना?" माझा गोडा मसाला तयार होता. मी एक चमचा आमटी चाखली. चांगली होती. 'वोई' नव्हती. मग मी साताऱ्याची पुडी काढली — माझ्या ह्याच हाताने. अशा दहा होळ्या. पहिली चुकीची होती. ती सोडून द्या. पुढच्या दहा माझ्या.

आणि दर भादव्यात काय व्हायचं सांगू? त्यांचा क्षमावाणीचा दिवस. जीजी गुडघे धरत दोन जिने चढून यायच्या, दारात हात जोडायच्या. "उत्तम क्षमा. जाने-अनजाने में कोई भूल हुई हो तो माफ़ करना." माझी माफी मागायच्या! मीही हात जोडून तेच म्हणायची — जाने-अनजाने. त्या दोन शब्दांत माझी दहा वर्षं आरामात मावायची. मागितली की मी माफी! मिळालीही. आणखी काय हवं होतं?

यंदाच्या होळीनंतर अंगणात बसून जीजी म्हणाल्या, "मेरे पास है क्या? एक नियम है. छाछठ साल में एक बार नी टूटा. वोई साथ जाएगा." आणि मला झोप लागेना.

मग मी धर्म धर्म फिरले. स्वस्तातला एखादा मिळतो का बघत. "माझी एक मैत्रीण आहे," असं सुरू करून — ही असली मैत्रीण सगळ्यांनाच असते. नवरा पेपर खाली न ठेवता म्हणाला, "कर्म केलं की फळ आलंच. फार तर पुढच्या जन्मी लसूण होईल तुझी मैत्रीण." शाळेतल्या नफीसा मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अल्लाह का गुनाह अल्लाह माफ़ करे. बंदे का तो बंदा ही करेगा. आपकी सहेली को उसी के दरवाज़े जाना पड़ेगा." आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणाल्या, कबुली द्यावी, आणि मोडलं असेल ते जमेल तेवढं भरून द्यावं. सहासष्ट वर्षं कशाने भरायची? सगळीकडे फिरून आले, पण एकानेही माझ्यावरचं बोट दुसरीकडे वळवलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढासा मसाला. लोक काय काय करतात! माहीत आहे. त्यांचं त्यांनी लिहावं. 'एवढंसं' म्हणण्याचा हक्क फक्त एका बाईला होता, आणि तिला मी विचारलंच नव्हतं.

या वर्षी जीजींचे गुडघे जिना चढेनात. म्हणून क्षमावाणीला मी उतरले. त्यांनी हात जोडले, "जाने-अनजाने में —"

"अनजाने नहीं, जीजी," मी म्हटलं. "जानके."

सगळं सांगितलं. पुडी, फोन, शर्माभाभी. होळ्या मोजून सांगितल्या. रडले नाही, रडून त्यांच्याकडून डोक्यावर हात फिरवून घ्यायचा नव्हता. माफीही मागितली नाही.

जीजी म्हणाल्या, "खाया तो मैंने. स्वाद भी मैंने लिया. माँग-माँगके लिया."

मला संतापच आला. "नहीं जीजी! वो पाप मेरा है!"

"तेरा तेरे पास रख," त्या म्हणाल्या. "मेरे में हाथ मत डाल."

मग भिंतीला धरत उठल्या. "क्षमा तो है. आज नहीं करूँगी तो मेरा धरम जाएगा." आत गेल्या. होळीपासूनचा माझा डबा त्यांच्याकडेच होता. तो विसळल्याचा आवाज आला. पदराने पुसत बाहेर आल्या आणि माझ्या हातात दिला.

जिन्यात मी झाकण उघडलं. रिकामा होता.

डबा ओट्यावर आहे. नवरा रोज विचारतो, ह्यात काही ठेवत का नाहीस? आता हे वाचेल, मग विचारणार नाही.